राज्य सोडा, सैन्य ठेवा

परक्या सत्तेला ‘चालते व्हा’ म्हणायचं आणि त्याच कागदावर तिच्या फौजेला राहायची मुभा द्यायची! १४ जुलै १९४२ रोजी वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणीनं असाच ठराव केला. पुढे मुंबईत ऑगस्टमध्ये झालेला ‘भारत छोडो’चा ठराव शाळेपासून माहीत असतो. त्याआधीचा हा वर्ध्याचा मजकूर वाचताना मी दरवेळी थक्क होतो.

ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला होता. इंग्रजांचा शत्रू तो आपला मित्र, हा हिशेब तेव्हा अनेकांना पटत होता. वर्ध्यानं तो नाकारला. इंग्रजी अंमल संपलाच पाहिजे; पण जपानला थोपवायला आणि चीनला मदत करायला दोस्त राष्ट्रांना इथे सैन्य ठेवायचं असेल, तर काँग्रेसची ना नाही.

गांधीजींनी हे पहिल्या दिवसापासून धरलं नव्हतं. जूनमध्ये अमेरिकी पत्रकार लुई फिशर सेवाग्रामला आठवडाभर राहिला. वर्ध्याच्या त्या उन्हात त्यानं प्रश्नांचा पिच्छा पुरवला: इंग्रज फौजा निघून गेल्या आणि जपान आत शिरला, तर? आपल्या आधीच्या मांडणीत ही फट राहिली होती, हे गांधीजींनी मान्य केलं आणि भूमिका बदलली. साम्राज्याशी लढणारा माणूस एका पाहुण्याच्या प्रश्नापुढे आपला विचार दुरुस्त करतो, याचं मोल मला ठरावाइतकंच वाटतं.

ठराव झाल्यावर चारच दिवसांनी त्यांनी सेवाग्रामहून जपानी जनतेला खुलं पत्र लिहिलं. तुमच्याबद्दल आकस नाही, पण चीनवरचं तुमचं आक्रमण मला अतिशय नापसंत आहे. भारतात तुमचं स्वागत होईल या भ्रमात राहू नका, असा त्याचा आशय. ठराव समजावून सांगायला दिल्लीला गेल्या त्या मीराबेन, एका इंग्रज ॲडमिरलची मुलगी. व्हाइसरॉयनं त्यांना भेट नाकारली.

मुंबईच्या ठरावानंतर आंदोलन पेटलं आणि वर्धा जिल्ह्यातल्याच आष्टीत, १६ ऑगस्टला, जमाव पोलीस ठाण्यावर गेला. गोळीबारात गावकरी पडले, जमावाच्या हातून पोलीसही मारले गेले. नेते तोवर तुरुंगात होते. त्याच आंदोलनात चिमूर गावी दडपशाहीत स्त्रियांवर अत्याचार झाले, तेव्हा चौकशीच्या मागणीसाठी सेवाग्राम आश्रमातले प्रा. भन्साळी उपोषणाला बसले. ते ६३ दिवस चाललं. आष्टीच्या हुतात्म्यांना मी मनापासून मानतो. पण परकी सत्ता उलथवताना आपण स्वतः काय करणार नाही, याचं उत्तर शोधायचं तर मी आधी वर्ध्याचा तो कागद काढतो.