बैठक (लेखांक ९) : अधांतरी पाय

पडद्यावरच्या उजेडाचा विषय आज घेणार होतो, तो पुढच्या आठवड्यावर ढकलतोय. पुण्याच्या एका वाचक ताईंचं पत्र आलंय, त्याला अख्खा लेखांक द्यायलाच हवा. त्या पॅकेजिंग डिझाइन करतात, उंची पाच फुटांच्या आत. खुर्ची चांगली महागातली आहे, पाठीला आधार आहे, तरी दुपारी चारपर्यंत पायांना मुंग्या येतात आणि त्या खुर्चीच्या टोकाशी येऊन बसलेल्या असतात. ‘बसायची सवयच वाईट असेल का?’ असं त्या विचारतात.

नाही ताई, सवय वाईट नाही. टेबल उंच आहे.

मी त्यांना टेपने दोन मापं घ्यायला सांगितली. चप्पल घालून जमिनीपासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंत १५ इंच. बैठकीपासून कोपरापर्यंत ८ इंच. म्हणजे त्यांचा हात सैल राहायला टेबल २३ इंचांवर हवं. ऑफिसातलं टेबल २९ इंचांचं! मग हात टेबलावर पोचावा म्हणून त्या खुर्ची जाईल तितकी वर घेतात आणि पाय सुटतात.

पाय लोंबकळले की त्यांचा सगळा भार खुर्चीच्या पुढच्या कडेवर, मांडीच्या मागच्या बाजूला येतो. तिथे दाब पडला की मुंग्या येतात. पाय टेकवायला माणूस नकळत पुढे सरकतो, पाठ टेकूपासून सुटते, मान पडद्याकडे जाते. डिझाइनच्या कामात याची किंमत मोठी आहे. दोन अक्षरांमधली फट, घडीची रेघ, रंगाची छटा, हे सगळं नजरेने तोलायचं काम. पाय अवघडले की माणूस ‘चालेल’ म्हणून फाइल पुढे पाठवतो, आणि मग सकाळी तेच काम पुन्हा.

जुन्या ड्रॉइंग बोर्डाच्या काळात ही अडचण सुटलेली होती. उंच स्टुलाला खाली पाय टेकायला दांडी किंवा कडं असे. बोर्ड गेला, कॉम्प्युटर आला, स्टूल भंगारात निघालं आणि त्याच्याबरोबर ती दांडीही गेली. चाकाच्या खुर्चीबरोबर पायांसाठी काही द्यायचं कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही.

माणसं एका मापाची नसतात, हे काही नवं नाही. १९९४ साली आलेली एरॉन खुर्ची बिल स्टम्फ आणि डॉन चॅडविक यांनी तीन आकारांत केली. आपल्याकडे देवकुमार चक्रवर्ती यांनी भारतीयांच्या शरीरमापांचं पुस्तक तयार केलं, ते अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेने १९९७ साली छापलं. मापं हाताशी असताना ऑफिसं मात्र सगळ्यांना एकाच उंचीची टेबलं देतात, याचा मला मनापासून राग येतो.

खरा उपाय म्हणजे उंची बदलता येणारं टेबल, नाहीतर टेबलाखाली सरकता कीबोर्ड ट्रे. ते होईपर्यंत पायांखाली आधार घ्या. ए-फोर कागदाचं एक रीम साधारण दोन इंच जाड असतं. दोन्ही पायांखाली शेजारी शेजारी, प्रत्येकी तीन रीम रचली की सहा इंच होतात. ताईंनी तसं करून पाहिलं. आठवड्याने त्यांचा निरोप आला : मुंग्या थांबल्या, पाठ टेकूला लागली.

तुम्हीही ही दोन मापं घ्या आणि ऑफिसातल्या टेबलाच्या उंचीसह मला कळवा. उंची पाच फूट दोन इंचांच्या आत असेल तर नक्कीच कळवा.