ट्रॅक्टर तापतो, हेड वाजतो; आधी रेडिएटर पाहा

सोनाळा (ता. संग्रामपूर) : एप्रिल-मे महिन्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी पारा ४४-४५ अंशांवर जातो. वावर टणक झालेले, नांगर खोल लावलेला, आणि अशातच काटा लाल रेघेकडे सरकतो. सोबत हेडमधून टकटक सुरू होते. मिस्तरी म्हणतो, "भाऊ, हेड उतरवा लागते." जरा थांबा. हेड उतरवणे हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. गॅस्केट, हेड प्लेनिंग आणि मजुरीचे पैसे मोजूनही आठ दिवसांत गाडी पुन्हा तापली, तर रोग हेडमध्ये नव्हताच, पाण्यात होता असे समजा.

संग्रामपूर तालुक्याचा बराच भाग पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात येतो. या पट्ट्यातल्या बोअरचे पाणी भांड्यात उकळले की तळाला पांढरा थर बसतो, हे घरातल्या बायकांना विचारा. तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत आणि हेडमधल्या पाण्याच्या वाटांत बसतो. पाणी गरम झाले की त्यातील क्षार सुटून लोखंडाला चिकटतात, आणि त्या थरातून उष्णता लोखंडापेक्षा फार कमी बाहेर पडते. एक्झॉस्ट व्हॉल्व्हजवळची जागा सर्वांत जास्त तापते. तिथेच थर साचला तर दोन व्हॉल्व्हमधली पातळ भिंत तडकते. पाणी वाफ होऊन जाते, क्षार मात्र आतच राहतो. म्हणून रोज तांब्याभर बोअरचे पाणी टाकून "लेव्हल" करणारा माणूस रोज थोडा थोडा क्षारच भरत असतो.

यावर उपाय कूलंटचा. थंड देशातल्या बर्फासाठी ते असते, आपल्याला काय उपयोग, असे बरेच जण म्हणतात. तसे नाही. कूलंटमुळे पाणी जास्त तापमानाला उकळते आणि आत गंज धरत नाही. आपल्या गाडीच्या पुस्तकात दिलेलेच कूलंट घ्या. घट्ट मिळाले तर डिस्टिल्ड पाण्यात, सांगितलेल्या प्रमाणात मिसळा. दोन वेगळ्या जातींचे एकत्र करू नका. ते परवडत नसेल तर निदान पावसाचे स्वच्छ गाळलेले पाणी डब्यात साठवून ठेवा. खारे पाणी मात्र नकोच. विहिरीवरच्या ज्या डिझेल इंजिनातून पंपाचेच पाणी फिरते, त्यांनाही हाच त्रास होतो. त्यांचे जॅकेट अधूनमधून उघडून साफ केलेले बरे.

आता बाहेरून पाहा. मळणीच्या वेळी ट्रॅक्टर उभा राहून थ्रेशर चालवतो. पंखा भुसा ओढतो आणि रेडिएटरच्या पुढची जाळी गच्च होते. वारा भुसा दूर नेईल अशा बाजूने ट्रॅक्टर लावा आणि दिवसातून दोनदा, इंजिन बंद करून, जाळी झाडा. हवा किंवा हलक्या धारेचे पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे मारा. पुढून मारले तर कचरा आणखी आत जातो. पंख्याचा पट्टा दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबला की साधारण १० ते १२ मिमी दबावा. झाकणाचे रबर कडक झाले असेल तर झाकण बदला. त्यातली स्प्रिंग दाब धरून ठेवते, त्यामुळेच आतले पाणी १०० अंशांनंतरही उकळत नाही.

एक चाल आपल्याकडे फार आहे : "थर्मोस्टॅट काढून फेका, गाडी थंड राहते." काही इंजिनांत तो काढला की पाणी रेडिएटरला वळसा घालून आतल्या आतच फिरते आणि गाडी उलट जास्त तापते. बाकीच्यांत इंजिन थंडच राहते आणि झिजते. शंका असेल तर थर्मोस्टॅट पातेल्यात पाण्यासोबत तापवा. त्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास तो उघडला पाहिजे. उघडत नसेल तर नवा बसवा.

राहिला आवाज. हेडमधून नेमाने येणारी बारीक टकटक बहुतेक वेळा टॅपेटची असते. फट वाढली की टॅपेट वाजतो आणि फीलर गेजने ती ठीक करता येते. गेजचा आकडा आणि इंजिन गरम असताना मोजायचे की गार, हे त्या इंजिनाच्या पुस्तकातच पाहावे. पण आवाज पूर्ण बंद व्हावा म्हणून फट कमी केली तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो. वाजणारा टॅपेट निदान तक्रार तरी करतो. आवळलेला टॅपेट गुपचूप नुकसान करतो. भारावर जाड ठोके येत असतील तर इंजेक्टर किंवा पंपाचे टायमिंग तपासून घ्या. तेल कमी असले तरी ठोके येतात, म्हणून आधी डिपस्टिक पाहा. गाडी चालू असताना पाण्यात बुडबुडे, किंवा तेल ताकासारखे पांढरट, असे दिसले तरच गॅस्केट वा हेडचा संशय घ्या आणि गाडी ओढून न्या. हेड बसवताना बोल्ट मधून कडेला, टॉर्क पान्यानेच कसायला सांगा.

काटा लाल झाला तर? क्लच दाबा, नांगर उचला. पाणी असेल तर भार काढून इंजिन थोडा वेळ चालू ठेवा. वाफ निघत असेल किंवा पाणीच संपले असेल तर तत्काळ बंद करा. झाकणाला हात लावू नका. अंगावर उकळते पाणी उडते, भाजण्याचे असे प्रकार घडतात. अर्धा तास तरी जाऊ द्या. तापलेल्या हेडवर गार पाणी ओतले की ते तडकते. कोमट पाणी, इंजिन चालू करून, हळूहळू टाका.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी एवढे करावे : ग्रामपंचायतीच्या टँकरचा ट्रॅक्टर अनेकांच्या हाती जातो, म्हणून रोज पाणी, तेल आणि पट्टा कोणी पाहिला याची सहीसह वही ठेवावी. सतत पाणी कमी होत असेल तर त्या वहीतच ते आधी दिसते. शिकायचेच असेल तर मध्यप्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था आहे. गावातील एखाद्या होतकरू पोराला तिथे पाठवण्याचा विचार ग्रामसभेत मांडता येईल.