वीजजोडणीतील चुकीने निकामी झालेल्या हार्ड डिस्कमधील नोंदींचा उद्धार

संगणकाची वीजपुरवठ्याची पेटी बिघडावी, तिच्या जागी नवी आणावी, डिस्कपर्यंत गेलेल्या जुन्या तारा मात्र नव्या पेटीत नीट बसतात असे पाहून तशाच ठेवाव्या, आणि खटका दाबताच त्या तारांवरील सर्व हार्ड डिस्क एकदम मुक्या व्हाव्या, हा अपघात प्रयोगशाळांना अपरिचित नाही. अशा वेळी कित्येक वर्षांची मोजमापे, छायाचित्रे व प्रबंधाचे खर्डे कायमचे गेले असे समजून संशोधक हताश होतो. वस्तुतः बहुतेक प्रसंगी ती मोजमापे चकत्यांवर जशीच्या तशी असतात. नष्ट झालेली असते ती केवळ त्यांच्यापर्यंत जाण्याची वाट. ती वाट पुन्हा खुली होईल की नाही, हे अपघातापेक्षाही अपघातानंतर प्रथम काय केले जाते यावर अधिक अवलंबून असते. म्हणून या विषयाची थोडी तपशीलवार चर्चा येथे करण्याचे योजिले आहे.

प्रथम चूक कशी घडते ते पाहू. संगणकाच्या वीजपुरवठ्यासंबंधीचा एटीएक्स हा संकेत 1995 साली प्रसिद्ध झाला. तारेच्या डिस्ककडील टोकाला कोणत्या टाचणीवर किती व्होल्ट असावेत हे संकेतांनी ठरविलेले आहे. साटा जातीच्या जोडणीत पंधरा टाचण्या असून पहिल्या तीन 3.3 व्होल्टच्या, सातवी ते नववी 5 व्होल्टच्या व शेवटच्या तीन 12 व्होल्टच्या असतात. परंतु ज्या पेट्यांच्या तारा दोन्ही टोकांनी सुट्या होतात, त्यांच्या पेटीकडील टोकाबाबत असे कोणतेही बंधन नाही. प्रत्येक उत्पादक, एवढेच नव्हे तर एकाच उत्पादकाची निरनिराळी मालिका, तेथे आपापला क्रम वापरते. खोबणीचा आकार मात्र पुष्कळदा सारखाच असतो. आकार जुळला म्हणजे विद्युत्‌दृष्ट्याही जुळले, हा समज येथे घातक ठरतो. पूर्वी निदान पिवळी तार 12 व्होल्टची, तांबडी 5 व्होल्टची व काळी शून्याची असा रंगांचा आधार असे. अलीकडे सौंदर्याच्या हौसेने सगळ्याच तारा काळ्या झाल्या, आणि तोही आधार गेला.

समजा, अशा अदलाबदलीत डिस्कच्या 5 व्होल्टच्या मार्गावर 12 व्होल्ट आले. साडेतीन इंची डिस्कमध्ये 12 व्होल्ट मुख्यतः चकत्या फिरविणाऱ्या मोटरीसाठी व 5 व्होल्ट इलेक्ट्रॉनिक मंडलांसाठी असतात. तेव्हा सर्वांत नाजूक भागावर दुपटीहून अधिक दाब पडतो. या संकटाची कल्पना रचनाकारांना असल्याने पुष्कळशा डिस्कच्या पीसीबीवर, वीजजोडणीच्या अगदी लगत, दोन संरक्षक डायोड बसविलेले असतात: एक 5 व्होल्टच्या मार्गासाठी, दुसरा 12 व्होल्टच्या. टीव्हीएस या नावाने ते ओळखले जातात. नेहमीच्या कामात हा डायोड काहीच करीत नाही. 5 व्होल्टच्या मार्गावरील डायोड साधारणतः साडेसहा व्होल्टच्या सुमारास वाहू लागतो आणि जादा प्रवाह जमिनीकडे वळवितो. हे कार्य त्याने क्षणभर करावे अशी योजना असते. मिलिसेकंदापुरते काही शे वॅट तो सोसतो, परंतु सतत सोसण्याची त्याची शक्ती मोजक्या वॅटांची. उलट वीजपुरवठ्याची पेटी 12 व्होल्टवर वीसपंचवीस अँपिअर सहज देऊ शकते. परिणामी डायोड क्षणार्धात तापून आतून वितळतो व दोन्ही टोके एकमेकांशी जुळून जातात. तो मार्ग जमिनीशी लघुमंडलित झाला की पेटीतील संरक्षण जागे होते आणि पुरवठा बंद पडतो. डायोड स्वतः मेला, पण त्याच्या मागे असलेले सारे वाचले, अशी ही व्यवस्था आहे. ऋण व धन यांची उलटापालट झाली तरीही हाच डायोड उपयोगी पडतो. तो सुलट दिशेने वाहू लागतो आणि मंडलापर्यंत उणे एखाद्या व्होल्टपेक्षा अधिक दाब जाऊ देत नाही.

म्हणून योग्य पेटी जोडूनही ती डिस्क लावली की संगणक सुरूच होत नाही, आणि डिस्क काढली की सुरू होतो, असे आढळल्यास ते अशुभ नसून शुभ लक्षण मानावे. मंडलाला वीज न देता प्रत्येक डायोडच्या दोन टोकांमधील रोध मल्टिमीटरने मोजावा. तो शून्याच्या जवळ आल्यास निदान बहुतेक पक्के झाले. तो डायोड तापत्या कावियाने झाळ सैल करून उचलला की डिस्क पुन्हा फिरू लागल्याची उदाहरणे विपुल आहेत. अर्थात आता ती संरक्षणाविना आहे; तिच्यावरील सर्व नोंदी उतरवून घेण्यापुरताच तिचा उपयोग करावा.

येथे एका शंकेचा निरास करणे इष्ट आहे. एवढा मोठा प्रवाह जवळून वाहिला असता चकतीवरील चुंबकीय नोंदी पुसल्या गेल्या नसतील काय? हिशेब सोपा आहे. वीस अँपिअरच्या तारेपासून एक सेंटिमीटर अंतरावरील चुंबकीय क्षेत्र सुमारे 320 अँपिअर प्रति मीटर येते. आधुनिक चकतीवरील कणांचे चुंबकत्व पालटण्यास काही लक्ष अँपिअर प्रति मीटर इतके क्षेत्र लागते. म्हणजे अपघाताचे क्षेत्र आवश्यकतेच्या सुमारे हजारांशाएवढे होते. नोंदी सुरक्षित असण्याचे कारण दैव नसून हे गुणोत्तर आहे.

डायोड लघुमंडलित न होता जळून तुटला, किंवा मुळात नव्हताच, तर मात्र जादा दाब पुढे जातो. मग मोटर चालविणारी चिप भाजते. तिच्यावर भोक पडलेले किंवा डाग उमटलेला नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. अशा प्रसंगी तशाच दुसऱ्या डिस्कची पीसीबी आणून बसवावी, हा सल्ला सर्वत्र ऐकू येतो. बऱ्याच जुन्या डिस्कच्या बाबतीत तो खराही होता. पण अलीकडच्या डिस्कमध्ये एकाच नमुन्याच्या दोन पीसीबी दिसायला अभिन्न असूनही परस्परांची जागा घेऊ शकत नाहीत. कारखान्यात प्रत्येक डिस्क तपासताना तिच्या प्रत्येक शीर्षाला किती प्रवाह द्यावा, त्याचे वाचन व लेखन यांत किती अंतर आहे, यांसारख्या राशी मोजून त्या पीसीबीवरील आठ पायांच्या एका लहानशा स्मृति-चिपमध्ये लिहून ठेवतात. ही त्या डिस्कची जन्मपत्रिकाच म्हणा ना! परकी पत्रिका घेऊन आलेली पीसीबी मोटर फिरविते, पण शीर्षे आपला माग शोधू शकत नाहीत आणि टकटक असा आवाज करीत एका टोकाकडून दुसरीकडे आपटत राहतात.

उपाय असा की, समान क्रमांकाची नवी पीसीबी मिळवून जुन्या पीसीबीवरील ती आठ पायांची चिप उष्ण हवेने सोडवून तीवर झाळावी, किंवा तिच्यातील मजकूर वाचून नव्या चिपमध्ये उतरवावा. काही पीसीबींवर अशी वेगळी चिप नसते व तो मजकूर मुख्य प्रक्रियकाच्या पोटात असतो. तेथे काम पुष्कळ कठीण होते. यावरून जळलेली पीसीबी फेकून देणे किती अविचाराचे आहे हे वाचकांच्या ध्यानात येईल. ती जळलेली असली तरी तिच्यावरील ती लहान चिप बहुधा शाबूत असते, आणि तिला दुसरा पर्याय जगात कोठेही नसतो.

तिसरी अवस्था सर्वांत खडतर. शीर्षांकडून येणारा क्षीण संकेत वाढविणारा पूर्वप्रवर्धक हा पीसीबीवर नसून बंद पेटीच्या आत, शीर्षांच्या भुजेलगत असतो. जादा दाब तेथवर पोहोचला तर योग्य पीसीबी व योग्य चिप असूनही डिस्क टकटकच करते. तेव्हा समान नमुन्याच्या दुसऱ्या डिस्कमधून शीर्षांचा संपूर्ण संच काढून बसवावा लागतो. शीर्ष चकतीपासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगते. धुराचा कण याच्या कित्येक पट मोठा. म्हणून हे काम आयएसओ वर्ग 5 इतक्या स्वच्छ हवेतच करावे लागते, आणि 2013 पासून बाजारात आलेल्या हेलियमने भरलेल्या डिस्कमध्ये ते आणखी अवघड होते. विभागातील मेजावर झाकण उघडून पाहण्याचा मोह येथे कटाक्षाने टाळला पाहिजे. या अवस्थेत तज्ज्ञाकडे जाणे हाच मार्ग.

न फिरणाऱ्या डिस्कची, म्हणजे एसएसडीची, गोष्ट निराळी आहे. वीज नियंत्रित करणारा भागच जळला असेल तर तो बदलून यश येते. पण नियंत्रक-चिप गेली असेल तर स्मृति-चिपा सोडवून स्वतंत्रपणे वाचण्याचा जुना उपाय सहसा निष्फळ ठरतो. कारण कित्येक एसएसडी मजकूर कूटबद्ध करूनच लिहितात व किल्ली नियंत्रकाशी बांधलेली असते. यूएसबीवर चालणाऱ्या काही बाह्य हार्ड डिस्कमध्येही मधली सेतु-चिप हेच कूटकार्य करते. चकत्या निर्दोष, तरी नोंदी अगम्य! अशा डिस्कची मूळ पीसीबी दुप्पट जपावी.

डिस्क पुन्हा फिरू लागल्यावर तिच्यातील हवी ती फाइल उघडून पाहण्याची घाई करू नये. तिच्यावर काहीही न लिहिता प्रथम तिची क्षेत्रशः प्रतिकृती दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. जीएनयू डीडीरेस्क्यू ही मुक्त आज्ञावली यासाठी उत्तम. ती सुलभ भाग आधी वाचते, अडलेल्या जागा मागे ठेवते व कोठवर मजल आली याचा नकाशा फाइलमध्ये नोंदविते. मध्येच वीज गेली तरी काम तेथून पुढे सुरू होते. नंतरचे सर्व प्रयोग प्रतिकृतीवर करावेत.

राहता राहिला प्रश्न दोन डिस्कवर एकाच वेळी तोच मजकूर लिहिण्याच्या व्यवस्थेचा. एक डिस्क झिजून मेली तर दुसरी उपयोगी पडते, हे खरे. पण दोन्ही एकाच पेटीत, एकाच तारेवर असल्याने चुकीची जोडणी दोघींनाही त्याच क्षणी गाठते. निदान एक प्रत वीज न जोडलेल्या डिस्कवर, कपाटात, असावी. आणि नवी वीजपेटी बसविताना डिस्क लावण्यापूर्वी मोकळ्या टोकावर मल्टिमीटर धरावा: सातव्या टाचणीवर 5 व्होल्ट, तेराव्यावर 12, दोन्हींत पाच टक्क्यांपेक्षा अधिक फरक नसावा. या मोजणीला दोन मिनिटे लागतात.