नेरळ स्थानक : मोठी गाडी आणि छोटी गाडी

मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावर शेलू आणि भिवपुरी रोड यांच्या मध्ये नेरळ स्थानक लागते. गाव रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातले. वस्ती कितीही वाढली तरी कारभार ग्रामपंचायतीचाच. एवढ्या गावाच्या स्थानकाचे नाव मुंबई-पुण्याबाहेरही ठाऊक असण्याचे कारण गावात नाही, ते डोंगरावर आहे.

बोरीबंदर ते ठाणे ही गाडी १८५३ साली धावली, पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले आणि १८५६ मध्ये घाटाच्या पायथ्याशी, पळसदरीपर्यंत गेले. नेरळ याच तुकड्यावर आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीला घाई होती ती बोरघाट चढून पुणे गाठण्याची; नेरळसारखी गावे वाटेत आली म्हणून त्यांना रेल्वे मिळाली.

मात्र त्याआधीच, १८५० साली, ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट नेरळच्या डोक्यावरच्या माथेरानच्या पठारावर चढून आले होते. तिथे बंगले उठू लागले आणि मुंबईकरांची उन्हाळी वर्दळ सुरू झाली. नेरळला उतरायचे आणि पुढे घोडा, पालखी किंवा स्वतःचे पाय, असा हा प्रवास अर्धे शतक चालला. सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांना एकदा नेरळहून वर जायला वाहनच मिळाले नाही आणि तिथेच त्यांनी रेल्वेचा ध्यास घेतला, असे सांगतात. ही हकिकत जरा जास्तच नेटकी वाटते. निर्विवाद ते एवढेच, की १९०४ मध्ये काम सुरू झाले, वडिलांनी सुमारे सोळा लाख रुपये घातले आणि १९०७ च्या मार्चमध्ये गाडी माथेरानला पोचली.

तेव्हापासून नेरळला दोन मापांचे रूळ शेजारी शेजारी आहेत. मोठ्या गाडीच्या दोन रुळांतले अंतर १,६७६ मिलिमीटर, तर छोटीच्या रुळांत फक्त ६१०. त्यामुळे एकीचा डबा दुसरीच्या रुळावर जाण्याचा प्रश्नच येत नाही. माणसे असोत की सामान, सारे नेरळला उतरवूनच पुढे न्यावे लागते. वीसेक किलोमीटरच्या वाटेत सुमारे ८०० मीटर उंचीच्या पठारावर चढायचे, तेही काही ठिकाणी वीस फुटांना एक फूट अशा चढाने. गाडी मागेपुढे करत चढवण्याऐवजी रूळच डोंगराच्या अंगाने घोड्याच्या नालासारखे वळवत नेले आहेत. एवढ्या तीव्र वळणांवर साधे इंजिन अडले असते. बार्शी लाइट रेल्वे उभारणाऱ्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या आराखड्यानुसार जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीने चार इंजिने बनवली. त्यांचे टोकाचे आस थोडे सरकू-वळू शकत, म्हणून ती वळणे घेत. पन्नाशीच्या दशकात डिझेल इंजिने आली, ऐंशीच्या सुरुवातीला वाफ कायमची थांबली. वाफेच्या त्या चार इंजिनांपैकी एक नेरळला जतन केलेले आहे. छोट्या गाडीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी कुर्डुवाडीचा कारखाना लागतो. तोही मूळचा बार्शी लाइटचाच.

गाडी चढवण्यापेक्षा उतरवणे अवघड. कित्येक वर्षे डब्यांवर ब्रेक लावणारे कर्मचारी बसत आणि इंजिनाच्या शिट्टीबरहुकूम हाताने चाक फिरवून ब्रेक आवळत. २०१६ च्या मे महिन्यात डबे घसरल्यावर गाडी बंद पडली आणि त्यानंतर डब्यांना हवेच्या दाबाचे ब्रेक बसवले गेले.

मोठ्या मार्गाची गोष्ट वेगळी. १९३० च्या सुमारास कल्याण–पुणे मार्ग विजेवर आला. मुंबईकडे वीज नेणारे मनोरे १९४२ च्या लढ्यात माथेरानच्या भाई कोतवालांच्या आझाद दस्ता या क्रांतिकारक गटाने पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर कोतवाल हुतात्मा झाले. आज नेरळचा खरा राबता कर्जत आणि खोपोली लोकलचा आहे. पहाटेच्या गाडीने नोकरदार मुंबईकडे जातात, तर हंगामात आजूबाजूच्या वाड्यांतील ठाकर-कातकरी बायका करवंदे-जांभळांच्या पाट्या घेऊन येतात.

छोट्या गाडीचे वेळापत्रक पाऊस ठरवतो. दरवर्षी साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत नेरळ ते अमन लॉज (माथेरानच्या अलीकडचे स्थानक) ही गाडी बंद असते. २००५ च्या २६ जुलैच्या पावसात मार्ग इतका उखडला, की ती २००७ मध्ये, शंभराव्या वर्षीच पुन्हा धावली. २०१९ मध्ये पुन्हा तेच झाले आणि मार्ग खुला व्हायला ऑक्टोबर २०२२ उजाडला.

मधल्या काळात घाटरस्त्याने तिचे बरेच प्रवासी नेले. स्थानकाबाहेरच्या टॅक्सीने जुम्मापट्टी, वॉटर पाइप ही स्थानके टाळून थेट दस्तुरी नाका गाठता येतो. पण माथेरानात मोटारींना बंदी असल्याने गाड्या तिथेच थांबतात. जवळच्या अमन लॉजपासून माथेरान बाजारापर्यंत जेमतेम तीन किलोमीटर. तेवढ्यासाठी घोडा, पायपीट, नाहीतर रेल्वेची शटल. खालचा मार्ग बंद असतानाही ही शटल चालू ठेवली जाते आणि पर्यटकांबरोबर गावाचा किराणाही वर नेते. नेरळपासून बांधलेल्या मार्गाचा सर्वात निकडीचा भाग आता नेरळपासून सर्वात लांब आहे.