सोळा मात्रांचा फुलोरा

जाव्हाच्या साध्या बोलीत फुलाला 'केंबांग' आणि गाण्याला 'तेंबांग' म्हणतात. आदराच्या बोलीत मात्र दोन्हींना 'सेकार' हा एकच शब्द. सुराकार्ताच्या मांकुनगरान दरबारातली 'पुष्पवर्ण' ही गामेलान या वाद्यमेळाची रचना या शब्दाला जागते. चौथे मांकुनगर (राज्यकाळ १८५३–१८८१) तिचे कर्ते मानले जातात. राजाच्या आगमनाला ती वाजे आणि तिची कडवी एकेका फुलाचे नाव घेतात. १९७७मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीतून ती अवकाशात गेली, सोबत केरीच्या केसरबाई केरकरांचे गाणे होते. पण फुलावर रचना करायची म्हणजे फुलाचे चित्र सुरांत काढायचे, असा समज या रचनेपाशी टिकत नाही.

तिचा घाट 'केतावांग'. सोळा मात्रांचे आवर्तन, आठव्या आणि सोळाव्या मात्रेवर केनोंगचा ठोका, आणि शेवटच्या मात्रेवर गोंग. गोंगलाही तिथे गुरुवारी रात्री फुले वाहून धूप दाखवतात. या चौकटीत रचनाकार बसवतो तो 'बालुंगान', म्हणजे निव्वळ सांगाडा. गेंदेर, रेबाब ही वाद्ये आणि गळा त्याला पालवी फोडतात. मग रचनाकाराचे काय उरले, असे कुणी विचारील. उरते ते फार अवघड काम: कोणत्या स्वरावर ओळ विसावेल आणि कुठे मोकळी जागा सुटेल, हे ठरवणे. पालवी वादकाची असली तरी ती कुठून फुटेल, हे फांदीच सांगते. बंदिशीत याहून वेगळे काय असते?

अडचण इथेच सुरू होते. १९०० च्या सुमारास रूढ झालेल्या 'केपातिहान' अंकलिपीमुळे नवी रचना कागदावर बसते, पण बसतो तो सांगाडाच. भातखंड्यांच्या लिपीतली बंदिश वाचून गायकी येत नाही, तसेच हे. आकडे जपले की परंपरा जपली, हा दिलासा म्हणूनच फसवा वाटतो. फांदी शाबूत आणि पालवी फोडणारे हात मात्र कमी, असे सहज होऊ शकते. लिपी नसती तर कितीतरी रचना हरवल्या असत्या, हा आक्षेप खराच आहे. तरी प्रत्येक गामेलान संच आपापल्या स्वरांत लावलेला असतो, प्रमाण स्वर नाहीच. त्यामुळे तेच आकडे दुसऱ्या दरबारच्या संचावर वाजवले की दोन स्वरांमधले अंतर बदलते, गळ्याला नवी वाट धरावी लागते, आणि कागदावर त्याची कुठेच नोंद नसते.