अमेरिकेच्या व्हिसासाठी अकाउंट ‘पब्लिक’ केलं की नेमकं काय उघडं पडतं?

एमएससाठी अमेरिकेला निघालेल्या मित्रांकडून मला हल्ली एकच प्रश्न येतो, “अरे, इन्स्टा खरंच पब्लिक करायचं का?”

उत्तर आहे, हो. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने एफ, एम आणि जे, म्हणजे विद्यार्थी आणि एक्सचेंज व्हिसासाठी अर्ज करणाऱ्यांना सोशल मीडिया अकाउंट पब्लिक करायला सांगितलं. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ वालेही त्यात आले. डीएस-१६० फॉर्ममध्ये मागच्या पाच वर्षांत वापरलेली युजरनेम तर २०१९ पासूनच द्यावी लागतात. पासवर्ड मात्र मागत नाहीत.

आता तांत्रिक बाजू बघू. अकाउंट प्रायव्हेट असतं तेव्हा पोस्ट दाखवण्याआधी सर्व्हर तपासतो, बघणारा तुमचा फॉलोअर आहे का? पब्लिक केलं की ही तपासणीच बंद. ‘फक्त व्हिसा ऑफिसरला दाखवा’ असं सेटिंग इन्स्टावर नाही. एकासाठी दार उघडलं की अख्खं गाव आत! जुन्या पोस्ट, रील्स, फॉलोअर्सची यादी, मित्रांच्या कमेंट्स, सगळं दिसतं. डीएम आणि क्लोज फ्रेंड्सच्या स्टोरी तेवढ्या बंद राहतात.

दोन गोष्टी अनेकांच्या लक्षात येत नाहीत. एक, अकाउंट प्रायव्हेट असलं तरी दुसऱ्याच्या पब्लिक पोस्टवरची तुमची कमेंट आधीपासूनच सगळ्यांना दिसते. दोन, व्हिसा मिळाल्यावर परत प्रायव्हेट केलं, तरी मधल्या काळात कोणी काढलेला स्क्रीनशॉट काही परत येत नाही.

म्हणून घाबरून जुनं अकाउंट लपवू नका. माहिती वगळली तर व्हिसा नाकारला जाऊ शकतो आणि पुढच्या व्हिसासाठीही अपात्र ठरू शकता, असं भारतातल्या अमेरिकन दूतावासाने स्पष्ट सांगितलंय.

व्हिसा कोणाला द्यायचा हे अमेरिकेने ठरवावं, त्यावर वाद नाही. मला खटकतं ते वेगळंच. अर्ज एकाचा असतो, पण त्याच्या पोस्टखाली मनमोकळं लिहिणाऱ्या मैत्रिणीने कुठलाच फॉर्म भरलेला नसतो. तिने चार मित्रांसाठी लिहिलेलं आता कोणीही वाचू शकतं, आणि तिला ते कळतही नाही.

त्यामुळे बटण दाबण्याआधी ग्रुपवर एवढा मेसेज नक्की टाका: “माझं अकाउंट पब्लिक होतंय. कोणाला आपली कमेंट किंवा टॅग काढायचा असेल तर आत्ताच काढा.”