नव्वद दिवसांची वेस

इंग्लंडचा हिवाळा हा थंडीइतकाच अंधाराचा ऋतू आहे. डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास दिवे लागतात, घर उबदार ठेवण्याचा खर्च चढत जातो आणि सांधेदुखीने बेजार झालेल्या वृद्धांना उंबरठा ओलांडणे नकोसे होते. नोव्हेंबरच्या आरंभी दक्षिणेकडे निघावे आणि मार्चअखेर परतावे, असा परिपाठ तेथील हजारो निवृत्त जोडप्यांनी म्हणूनच घालून घेतला होता. स्पेनच्या किनाऱ्यावरील बेनिदोर्म आणि तोरेव्हिएखा, पोर्तुगालचा आल्गार्व्ह, फ्रान्समधील दोर्दोन्य ही त्यांची ठरलेली ठिकाणे. यांतील सगळेच काही धनिक नव्हते. शाळेतून वा टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या, मोठे घर विकून लहान घेतलेल्या आणि उरलेल्या पैशांत समुद्राजवळ दोन खोल्यांची जागा केलेल्या मध्यमवर्गीयांचा त्यांत मोठा भरणा होता.

हा परिपाठ १ जानेवारी २०२१ रोजी मोडला. २३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के मतदारांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस संक्रमणकाळही संपला. तेव्हापासून ब्रिटिश प्रवाशास शेंगेन क्षेत्रातील २९ देशांत, सर्व देश मिळून, कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. चाळीस दिवस फ्रान्समध्ये काढले, तर स्पेनसाठी पन्नासच उरतात. आल्याचा दिवस आणि गेल्याचा दिवस, दोन्ही हिशेबात धरले जातात.

या नियमाचा अर्थ पंचांग पुढे ठेवल्यावाचून नीट उमगत नाही. १ नोव्हेंबरला स्पेनमध्ये उतरलेल्या जोडप्याचे नव्वद दिवस २९ जानेवारीला संपतात. म्हणजे थंडी ऐन भरात असताना त्यांनी गाशा गुंडाळून मायदेशी परतावयाचे. पुन्हा प्रवेश मिळावयाचा तो ३० एप्रिलला. तोवर इंग्लंडातही झाडांना पालवी फुटलेली असते आणि दक्षिणेकडे जाण्याचे प्रयोजनच उरलेले नसते. पूर्वीचा मुक्काम १५१ दिवसांचा होता. त्यातील ६१ दिवस गेले आणि नेमके ज्यांच्यासाठी सारा खटाटोप होता तेच गेले.

ब्रिटनला अद्दल घडविण्यासाठी युरोपने हा नियम केला, अशी तक्रार तेथे अधूनमधून ऐकू येते. ती खरी नाही. बिगरसदस्य देशांच्या नागरिकांसाठी हा नियम आधीपासूनच होता. जर्मनीत नोकरी करणाऱ्या मुलाकडे नातवंडे सांभाळावयास जाणाऱ्या पुण्याच्या आजीआजोबांना तो तोंडपाठ असतो. शिवाय त्या नव्वद दिवसांसाठीही त्यांना बँकेचे उतारे जोडून व्हिसा मागावा लागतो, ब्रिटिशाला तो लागत नाही. ब्रिटिश माणसासाठी वेगळी वेस बांधलेली नाही. जी वेस होती तिच्या आतून तो बाहेर गेला, इतकेच.

तरीही त्याने गमावले ते लहान नाही. युरोपीय नागरिक म्हणून त्याला अन्य सदस्य देशात राहण्याचा हक्क होता. कायद्याप्रमाणे तीन महिन्यांवरील वास्तव्याची नोंद करणे आवश्यक असे. पण पारपत्रावर शिक्का बसत नसल्यामुळे दिवस मोजण्याच्या फंदात कोणी पडत नसे. या हक्काला बाजारात किंमत नव्हती, कारण तो विकत घ्यावा लागत नव्हता. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास हा प्रकार परिचित आहे. जे फुकट मिळते त्याचे मोल जमाखर्चात दिसत नाही. समुद्रकाठची ती सदनिका खरेदी करताना तिच्या किमतीत बेमुदत राहण्याचा हक्कही गृहीत धरलेला होता, हे मालकाच्या ध्यानात आले ते २०२१ साली. घर त्याचेच राहिले. त्यात राहण्याचे दिवस मात्र त्याच्या हाती राहिले नाहीत.

त्या हक्काची किंमत आता रोखीत सांगता येते. नोकरीधंदा न करता स्पेनमध्ये राहू इच्छिणाऱ्यास जो व्हिसा मिळतो, त्यासाठी २०२५ मध्ये दरमहा २,४०० युरोंचे उत्पन्न किंवा तेवढ्या ऐपतीची शिल्लक दाखवावी लागे. जोडीदारासाठी आणखी ६००. वर्षाकाठी दोघांचे मिळून ३६,००० युरो, म्हणजे ३० हजार पौंडांहून अधिक. त्याच काळात ब्रिटनचे पूर्ण सरकारी निवृत्तिवेतन आठवड्याला २३०.२५ पौंड होते. ते दोघांनाही पूर्ण मिळाले, तरी वर्षाचे २४ हजार होत नाहीत. त्यावर खाजगी आरोग्यविमा वेगळा. आणि पाच महिन्यांच्या मुक्कामासाठी वर्षभराच्या वास्तव्याचा परवाना मागावा लागतो, तो निराळाच. फ्रान्सने सहा महिन्यांपर्यंतचा तात्पुरता व्हिसा ठेवला आहे, तो अधिक सोयीचा. पण त्यासाठीही दर खेपेस नवा अर्ज, नवे पुरावे आणि व्हिसाकेंद्रावरचा हेलपाटा आलाच. श्रीमंताला ही केवळ दगदग आहे. बेताच्या उत्पन्नाच्या माणसाला मात्र ती भिंत ठरते.

२०२० संपण्यापूर्वी जे तेथील कायदेशीर रहिवासी झाले होते, त्यांचे हक्क माघारीच्या करारान्वये अबाधित राहिले. त्यामुळे एकाच इमारतीत विलक्षण भेद उत्पन्न झाला. नोंदणी केलेला शेजारी बारा महिने राहू शकतो. कराच्या भीतीने किंवा निव्वळ आळसाने नोंदणी टाळणाऱ्याला सामान आवरावे लागते.

यजमान देशांची मनःस्थितीही एकसारखी नाही. फ्रान्समधील लहान गावांत या हिवाळी-उन्हाळी पाहुण्यांवर गवंडी, सुतार आणि दुकानदार यांची मिळकत काही अंशी अवलंबून असते. तेथे घर असलेल्या ब्रिटिशांना दीर्घ मुक्कामाचा व्हिसा आपोआप मिळावा, अशी तरतूद २०२३ च्या अखेरीस तेथील स्थलांतरविषयक कायद्यात घालण्यात आली होती. २५ जानेवारी २०२४ रोजी घटना परिषदेने ती रद्द केली. मूळ विधेयकाशी तिचा संबंध नाही, हे कारण. स्पेनमध्ये वारे नेमके उलट आहेत. घरांच्या किमतींनी तेथील तरुण मेटाकुटीस आला आहे. संघाबाहेरच्या व तेथे न राहणाऱ्या परकीयांच्या घरखरेदीवर शंभर टक्क्यांपर्यंत कर बसविण्याचा विचार पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांनी जानेवारी २०२५ मध्ये बोलून दाखविला. रिकाम्या सदनिकेच्या मालकाला तेथे फारशी सहानुभूती मिळण्याजोगी नाही.

मुक्त संचार संपविणे हे सार्वमतानंतरच्या ब्रिटिश सरकारांचे उघड उद्दिष्ट होते. पोलंडचा सुतार वा रुमानियाचा शेतमजूर येऊ नये, हा त्यामागचा हेतू. पोर्तुगीज पारपत्राच्या आधारे स्विंडनसारख्या शहरात जाऊन वसणाऱ्या गोमंतकीयांचीही ती वाट त्यामुळेच बंद झाली. पण येण्याचा हक्क आणि जाण्याचा हक्क हे एकाच तरतुदीत गुंफलेले होते, याची चर्चा प्रचाराच्या धामधुमीत पुरेशी झाली नाही. युरोपीय पाहुण्याला ब्रिटन आजही सहा महिने राहू देते, पण युरोपने त्याची परतफेड केलेली नाही. १९ मे २०२५ रोजी लंडनला उभयपक्षी समेटाची बैठक झाली, तीतूनही नव्वदचा आकडा हलला नाही.

आतापर्यंत पुसट शिक्क्यांच्या आधारे दिवस मोजले जात आणि चार दिवस इकडेतिकडे झाले तर खपूनही जाई. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर चेहरा व बोटांचे ठसे नोंदविणारी संगणकीय यंत्रणा टप्प्याटप्प्याने सुरू झाली. ती बेरजेत चुकत नाही. नव्वद दिवस संपल्यावर शेजारच्या देशात जाऊन थांबण्याची युक्तीही आखडत चालली आहे. क्रोएशिया २०२३ मध्ये, तर बल्गेरिया आणि रुमानिया १ जानेवारी २०२५ रोजी पूर्णतः शेंगेनमध्ये आले. युरोपीय संघात आता स्वतंत्र हिशेब उरला तो आयर्लंड आणि सायप्रस या दोहोंचा. त्यांपैकी आयर्लंडमध्ये ब्रिटिशाला जुन्या परस्पर व्यवस्थेनुसार हवे तितके राहता येते. पण तेथला हिवाळा इंग्लंडसारखाच ओला. सायप्रसला ऊन आहे, आणि सायप्रसही शेंगेनमध्ये प्रवेश मिळविण्याच्या खटपटीत आहे.